डोमेयकाइटवर जे चढतं त्याला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ (सांगली): कॉलेजच्या कपाटातल्या खनिजांना मराठी चिठ्ठ्या लावायचं काम गळ्यात पडलंय. डोमेयकाइटपाशी गाडी अडली. तांब्याचे तीन अणू नि आर्सेनिकचा एक, कठिनता ३ ते ३.५, वि. गु. (विशिष्ट गुरुत्व, पाण्याच्या किती पट जड ते) सातच्या वर, म्हणजे एवढासा खडा पण हातात घेतला की भलताच जड. ताजा फोडला तर कथलासारखा पांढरा, हवेत राहिला की पिवळसर, मग तपकिरी. ह्या टार्निशला शब्द काय? ‘गंज’ लिहिलं तर सरांनी खोडलं.

तांबटाचा नातू (सातारा): बरोबर खोडलं, गंज लोखंडाला. तांबं कळकतं.

वाईवाला: कळकतं ते ताक हो, भांडं नव्हे! कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवलं की ताक कळकतं.

तांबटाचा नातू: आमची आजी भांड्यालाच म्हणायची, कळकलंय, चिंच लाव. जन्म भांड्यांत गेला तिचा, ती चुकली व्हय?

वाईवाला: आजींचा मान आहेच. पण विश्वकोश आमच्या वाईत घडला, त्यात पाटन (ठरावीक पातळीत फुटणं), भंजन (एरवी कसंही फुटणं), कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) असे खनिजांसाठी नेमके शब्द केलेत. तसंच ‘मलिनता’ घ्या.

मिरजकर ताई: मलिनता? खनिजाची आंघोळ राहिलीय का 😄 आणि आर्सेनिक कशाला, आपला सोमल आहे की.

कृष्णाकाठ: ताई, सोमल म्हणजे पांढरं विष, आर्सेनिकचा ऑक्साइड. हरताळ पिवळा, मनशीळ लाल, त्या दोन्हींत गंधक. डोमेयकाइटात ऑक्सिजन नाही नि गंधकही नाही. तापवलं तर लसणासारखा वास येतो पण घरी कुणी करू नका, तो धूर विषारी.

मिरजकर ताई: पोथीत चुकलेल्या अक्षरावर फासायचे तोच ना हा हरताळ? मग संपाचा हरताळ पण ह्यातलाच, कामावर फासला की झालं.

वाईवाला: अजिबात नाही. तो हाट अधिक ताळा, बाजाराला कुलूप.

मिरजकर ताई: कुलूप लावा नाहीतर रंग फासा, बंदच ना!

वाईवाला: अर्थ जुळला म्हणून मूळ एक होत नाही.

कृष्णाकाठ: अहो, माझी चिठ्ठी?

तांबटाचा नातू: ‘काळवंडतं’ लिहून टाक.

वाईवाला: पिवळं पडतं त्याला काळवंडतं?

तांबटाचा नातू: मग कळकतं लिही म्हटलं तर तुम्हाला ताक आठवतंय.