चर्चा: बाल्टिमोरचा पूल जहाजाने पाडला, मग पैसे कोणी भरायचे?

खानापूर_सिव्हिल (धागा सुरू करणारे)
थोडक्यात मांडतो. २६ मार्च २०२४ ला मध्यरात्रीनंतर 'डाली' हे ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून निघालं. दीडच्या सुमारास त्याची वीज गेली, आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या मुख्य खांबावर जाऊन आदळलं. १९७७ चा हा पूल काही सेकंदांत पाण्यात गेला. वर खड्डे बुजवणारे आठ कामगार होते, त्यातले सहा गेले. मालक आणि व्यवस्थापक, दोन्ही कंपन्या सिंगापूरच्या. त्यांनी अमेरिकेच्या १८५१ च्या कायद्यावर बोट ठेवून कोर्टात अर्ज केला की आमची जबाबदारी साधारण ४.३७ कोटी डॉलरपर्यंतच धरा. अपघातानंतर जहाजाची उरलेली किंमत अधिक त्या फेरीचं भाडं, असा हा हिशोब. नव्या पुलाचा अंदाज सुरुवातीला १७० ते १९० कोटी डॉलर होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ४३० ते ५२० कोटींवर गेला आणि मुदत २०२८ वरून २०३० अखेरपर्यंत लांबली.
माझं मत स्पष्ट आहे. ज्याने पाडला त्याने पूर्ण भरावं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, शिडाच्या जहाजांच्या काळातला कायदा आज लावणं हा त्या सहा घरांवर आणि करदात्यांवर अन्याय आहे.

उद्यमबाग_एक्स्पोर्ट
सर, भावना पटते, पण मर्यादाच काढून टाकली तर काय होईल तेही बघा की. जहाजाचा तिसऱ्या पक्षाचा विमा साध्या विमा कंपनीकडे नसतो, तो मालकांनी मिळून चालवलेल्या पी अँड आय क्लबांकडे असतो. असे १२ क्लब आहेत. पहिले १ कोटी डॉलर ज्याचा त्याचा क्लब सोसतो, तिथून १० कोटींपर्यंत सगळे क्लब वाटून घेतात आणि त्याच्या वर पुनर्विमा (विमा देणाऱ्यांनीच उतरवलेला विमा), साधारण ३१० कोटींपर्यंत. जबाबदारीला शेवटच नसेल तर पुनर्विमा देणारा मागे सरेल किंवा हप्ता वाढवेल, आणि तो भाड्यात येईल. आपल्या फाउंड्रीतलं कास्टिंग न्हावाशेवाहून जातं, निपाणीची तंबाखूही कंटेनरनेच जाते. तो बोजा शेवटी इथे उतरतो.

कारवार_बंदर
दोघांचाही एक मुद्दा सुटतोय. अमेरिकेची मर्यादा खाली आहे, पण ती मोडायला सोपी आहे. बिघाड मालकाला ठाऊक होता किंवा त्याच्या कारभारातूनच झाला एवढं ठरलं की मर्यादा गेली. उलट भारत ज्या १९९६ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यात मालकाने मुद्दाम किंवा नुकसान होणार हे कळूनही बेफिकीरपणे केलं असं सिद्ध करावं लागतं. ते जवळपास अशक्य.
आकडेही लावून बघा. डालीचं ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप) ९५,१२८. करारातल्या २०१५ पासूनच्या दरांनी मालमत्तेच्या नुकसानीसाठी:
पहिल्या २,००० टनांना १५.१ लाख एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक)
पुढच्या २८,००० ला टनामागे ६०४
पुढच्या ४०,००० ला ४५३
उरलेल्या २५,१२८ ला ३०२
बेरीज ४.४१ कोटी एसडीआर, म्हणजे त्यावेळच्या दराने जवळपास ५.८ कोटी डॉलर. जीवितहानीसाठी याच्या दुप्पट रक्कम वेगळी. (हे दर २०१५ मध्ये दीडपटीने वाढवलेले आहेत, तरी पुलाच्या किमतीपुढे ते काहीच नाही.) तेव्हा हाच अपघात आपल्या किनाऱ्यावर झाला असता तर पूल बांधणाऱ्याच्या हाती अमेरिकेपेक्षा फार जास्त पडलं नसतं, आणि मर्यादा मोडायची वाटही बंद असती.

खानापूर_सिव्हिल
@कारवार_बंदर, हिशोबाबद्दल आभार. पण मग मालकाचा कारभार इथे निघतोच ना? एनटीएसबीच्या (अमेरिकेची वाहतूक अपघात तपासणारी सरकारी संस्था) तपासात दोन गोष्टी आल्या. कंट्रोलच्या एका वायरवर नाव लिहिलेली पट्टी अशी बसवली होती की वायरचं टोक टर्मिनलमध्ये पूर्ण शिरलंच नाही. ती सैल वायर सुटली, ब्रेकर उघडला, वीज गेली. हाताने वीज परत आणली, तर जनरेटरला डिझेल पुरवायला लावलेला पंप मुळात फ्लशिंगसाठीचा, म्हणजे पाइप धुऊन काढण्यासाठीचा. वीज गेल्यावर तो आपोआप सुरू होत नाही. डिझेल आटलं आणि दुसऱ्यांदा अंधार. पट्टीची चूक एका हाताची असेल. पंपाची नाही, ती रोजची पद्धत होती, आणि देखरेख अपुरी होती असं तपासानेही म्हटलंय.

निपाणीकर
खलाशांना दोष देऊ नका एवढंच सांगतो. बहुतेक सगळे भारतीय होते. पायलटने (बंदरातून जहाजाला वाट दाखवणारा) वेळेत मेडे, म्हणजे संकटाचा इशारा, दिला म्हणूनच पोलिसांना दोन्ही तोंडांना गाड्या अडवता आल्या. नंतर पोरं कित्येक आठवडे त्याच जहाजावर अडकून होती, फोनसुद्धा जप्त.
आणि एक विचारतो. महाडला सावित्रीवरचा पूल २०१६ मध्ये वाहून गेला आणि नवा १६५ दिवसांत उभा राहिला. यांना सहा वर्षं कशाला?

चिकोडी_ब्रिज
सावित्रीत समुद्री जहाज येत नाही म्हणून. तिथे छोटे गाळे (दोन खांबांमधलं अंतर) चालतात. इथे जुना मुख्य गाळा ३६६ मीटरचा होता, नवा ५०० मीटरच्या आसपास, केबलवर तोललेला. कारण खांब जहाजांच्या वाटेपासून लांब न्यायचे आहेत. पाण्यापासूनची उंचीही १८५ फुटांवरून २३० फूट.
आता @खानापूर_सिव्हिल, माझा विरोध इथे आहे. पुलाचा मालक, म्हणजे मेरीलँड राज्य, मोकळा कसा? जहाजाच्या धडकेचं सूत्र १९९१ पासून अमेरिकी पूल-नियमांत आहे. बल मेगान्यूटनमध्ये म्हणजे ०.१२ गुणिले वेग गुणिले डेडवेटचं वर्गमूळ. डालीचं डेडवेट (जहाज वाहू शकतं ते एकूण वजन) १,१६,८५१ टन, वर्गमूळ ३४२. वेग साडेसहा नॉट, म्हणजे सेकंदाला ३.३४ मीटर. उत्तर १३७ मेगान्यूटन, जवळपास १४,००० टनांचा धक्का. पुलाभोवती चारच छोटे डॉल्फिन होते (पाण्यात रोवलेले काँक्रीटचे गोल ठोकळे), आणि तिरकं आलेलं जहाज त्यांच्या बाजूने आत शिरलं. वर तीन गाळ्यांचा अखंड ट्रस (पोलादी पट्ट्यांचा त्रिकोणी सांगाडा), एक खांब गेला की तिन्ही गाळे खाली. धोक्याचं मूल्यमापन केलंच नव्हतं, आणि केलं असतं तर धोका मान्य मर्यादेच्या सुमारे ३० पट निघाला असता, हेही एनटीएसबीचंच.
फ्लोरिडात १९८० मध्ये सनशाइन स्कायवे असाच पडला होता, ३५ माणसं गेली. नवा बांधताना भोवती डॉल्फिन घातले. म्हणजे धडा ठाऊक होता. आपल्याकडे पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे काढतात. ते न काढता पुरात ओंडके येऊन अडकले आणि बंधारा फुटला, तर जाब नदीला विचारायचा की पाटबंधाऱ्याला?

खानापूर_सिव्हिल
@चिकोडी_ब्रिज, उपमा लागू नाही. नदीला मालक नसतो, जहाजाला असतो. पुलाने संरक्षण घेतलं नाही म्हणून धडकणाऱ्याची चूक कमी होत नाही. फार तर वाटणी होईल.

चिकोडी_ब्रिज
वाटणीच म्हणतोय मी. १९७७ सारखाच पूल परत बांधायला जे लागेल ते जहाजाकडून घ्या. लांब गाळा, जास्त उंची, खांबांभोवतीचं भक्कम संरक्षण ही सुधारणा आहे, ती पुलाच्या मालकाची. ५२० कोटींचं बिल जसंच्या तसं जहाजावर लावलं तर कोर्टात पहिला प्रश्न हाच येणार.

उद्यमबाग_एक्स्पोर्ट
आणि तोवर थांबायचं का? बाल्टिमोर बंदराखालच्या बोगद्यांतून धोकादायक मालाचे टँकर सोडत नाहीत, ते पूर्ण शहराला वळसा घालतात. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये कायदा करून केंद्राने १०० टक्के खर्च उचलला हे योग्यच झालं. एरवी अशा महामार्गाला ९० टक्के मिळतात. राज्याला पुलाच्या विम्याचे ३५ कोटी डॉलर मिळाले, मलबा काढण्याबद्दल आणि मदतकार्याबद्दल जहाजवाल्यांनी केंद्राला जवळपास १०.२ कोटी दिले. ही दुसरी रक्कमच ४.३७ कोटींच्या दुपटीहून जास्त आहे बघा, आणि तीही तडजोडीत.

खानापूर_सिव्हिल
केंद्राने आधी भरावं, हे मान्य. पण त्याच कायद्यात अट आहे की विम्यातून आणि दाव्यातून वसूल होईल ते केंद्राला परत जाईल. म्हणून राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये लावलेला दावा नेटाने लढायला हवा. मला त्यात पंपाचा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो.

कारवार_बंदर
हो, पंपच. सैल वायर एखाद्या तपासणीत नजरेतून सुटू शकते. चुकीचा पंप रोज चालवला तर इंजिनरूमच्या लॉगमध्ये रोज दिसतो, आणि ते लॉग किनाऱ्यावरच्या ऑफिसने बघायचे असतात.
आपल्याकडच्यासाठी एक भर. ७ ऑगस्ट २०२४ ला कारवार-सदाशिवगडचा काळी नदीवरचा जुना पूल पडला, ट्रक पाण्यात गेला, ड्रायव्हर वाचला. तिथे जहाज नव्हतं, पण खाली मच्छिमारांच्या बोटी जातात आणि बंदर हाकेवर आहे. आयआरसी ६ मध्ये (पुलावर येणाऱ्या भारांची भारतीय नियमावली) बार्जच्या, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीच्या, धडकेचं कलम आहे. अशा जागी पूल होताना निविदेत चार गोष्टी मागता येतील: धडकेचं बल किती धरलं, कोणत्या आकाराच्या बोटीसाठी, पाण्याची पातळी कोणती, आणि खांबाभोवतीचं संरक्षण पुलाच्या अंदाजपत्रकात आहे की वेगळं.

चिकोडी_ब्रिज
पाचवी घाला: खांबाच्या तळाची झीज. भरती-ओहोटीत वाळू सरकते, आणि पाइल (पायासाठी खोल रोवलेला खांब) उघडी पडली की धडकेचा हिशोब बदलतो. दर पावसाळ्यानंतर पाणबुड्याकडून मोजणी, आणि ते आकडे पुलाच्या फाइलला.