'एक शून्य शून्य'ची बुरशी लागलेली कॅसेट वाचेल का?

राजापूरकर:
मंडळी, गावच्या घराचा माळा आवरताना अण्णांच्या व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. एकीवर त्यांच्या अक्षरात 'एक शून्य शून्य, जाहिराती गाळून'. म्हणजे दूरदर्शनवरची ती जुनी मराठी पोलिसी मालिका. अण्णा रिमोट हातात धरूनच बसायचे, जाहिरात आली की पॉज. म्हणजे ब्रेकनंतरचं पहिलं वाक्य प्रत्येक वेळी गायब असणार, पैजेवर सांगतो.
दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम ही जोडी 'सीआयडी'च्या कितीतरी आधी या मालिकेत होती. मला तरी ती सलग कुठे सापडली नाही. 'व्योमकेश बक्षी' ही हिंदी गुप्तहेर मालिका मात्र हवी तेव्हा बघता येते. असं का?
आणि कॅसेटच्या काचेतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. इथला दुकानदार म्हणतो, "लावून तर बघू." लावू का?

रिळमास्तर:
अजिबात लावू नका! बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते, पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते, आणि चिकटलेली टेप ओढली गेली तर फाटतेच.
आधी मागच्या कडेची ती छोटी प्लास्टिकची टिकली मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कोरड्या डब्यात ठेवा. साफसफाई जाणकाराकडूनच. पाच स्क्रू काढून खोका उघडतात, टेप पुसून घेतात आणि मोडीत निघाली तरी चालेल अशा व्हीसीआरवर चालवतात. व्हिडिओ बघून कुणी 'ओव्हनमध्ये भाजा' म्हणेल, ऐकू नका. तो उपाय चिकट झालेल्या जुन्या यू-मॅटिक (स्टुडिओत वापरायच्या) टेपांचा, बुरशीचा नव्हे.
आता तुमचं 'असं का'. माझी हयात एडिटिंगच्या खोलीत गेली, म्हणून सांगतो: मालिका किती गाजली याला इथे काडीची किंमत नाही. मास्टर टेप, म्हणजे मूळ प्रत, कुणाच्या कपाटात आणि हक्क कुणाच्या नावावर, एवढंच बघायचं. प्रायोजित मालिकांची, म्हणजे बाहेरच्या निर्मात्याने प्रायोजकाच्या पैशावर काढलेल्यांची, टेप बऱ्याचदा निर्मात्याकडेच राहायची. ऑफिस बदललं, भागीदारी मोडली की टेपा गोदामात. शिवाय कोरी टेप महाग, म्हणून जुनी पुसून पुन्हा वापरायची. यात आपणच करंटे असंही नाही. बीबीसीने १९६८ साली पीटर कुशिंगला घेऊन शेरलॉक होम्स काढला, १६ भाग, रंगीत. आज त्यातले ६ उरलेत.

चहाबाज:
व्योमकेशबद्दल. बासू चटर्जींची मालिका १९९३ची, दुसरा हप्ता १९९७चा. दूरदर्शनकडे टेपा जपलेल्या होत्या, म्हणून तर मार्च २०२०च्या टाळेबंदीत लगेच पुन्हा लावता आली. प्रसार भारतीचं 'वेव्हज' अ‍ॅपही आहे, २०२४च्या इफ्फी चित्रपट महोत्सवात गोव्यातच सुरू झालं. तिथे अधूनमधून शोधत राहा. गाजर खाणाऱ्या टीव्हीवरच्या गुप्तहेर 'करमचंद'च्या गाजराची शपथ, मी दर रविवारी शोधतो.

राजापूरकर:
टिकली मोडली, कॅसेट डब्यात गेली. बायको म्हणते, लोणच्याची बरणी हलवून हे काय ठेवलंत. रेकॉर्डिंग निघालंच तर यूट्यूबवर टाकू का?

रिळमास्तर:
टाकू नका. हक्क अजून कुणाचे तरी आहेतच, चित्रपटासारख्या कामाला आपल्याकडे ६० वर्षं संरक्षण असतं. कॉपी मात्र दोन ठिकाणी ठेवा आणि कॅसेटही फेकू नका. पुण्यात एकजण हे काम नीट करतो, नंबर व्यनित (खासगी निरोपात) पाठवतो. पावसाळ्याआधी पोचवा.