मदत हवी आहे : १८५१ नेव्हीच्या प्रतिकृतीचा चाप ढिला, घोडा टिकत नाही

मंडळी, ठासणीच्या हत्यारांचा नाद असलेलं इथं कुणी आहे का? मी अमेरिकेत, इंडियानात असतो. माझ्याकडे कोल्ट १८५१ नेव्हीची इटालियन प्रतिकृती आहे, .३६ कॅलिबरचं सहाबारी रिव्हॉल्व्हर. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी : तिकडे याला परवाना लागतो, इकडे ठासणीच्या प्रतिकृतींना केंद्रीय कायद्यात सूट आहे. धागा त्यावर घसरायला नको.)

घोडा पूर्ण मागे ओढून अंगठा सोडला की तो परत खाली येतो. अर्ध्या खाचेवर (निम्मा मागे घेतल्यावर) कधी थांबतो, कधी नाही. चाप बोटाला लागतच नाही, नुसता लोंबतो. गंमत म्हणजे नळी जमिनीकडे केली की घोडा व्यवस्थित टिकतो! सिलिंडर मात्र बरोबर फिरतो आणि जागेवर घट्ट अडकतो. त्यावरच्या कांपेचेच्या आरमारी लढाईच्या कोरीवकामावर बोल्टने (सिलिंडरला जागेवर अडकवणारा भाग) एक रेघ ओढली आहे, पण ती जुनीच आहे.

आत दारू नाही, ठिणगीच्या टोप्या नाहीत, त्या ज्यांवर बसतात ते निपलही काढून ठेवलेत. गरम पाणी, साबण, तेल सगळं झालं. इथला एक दुरुस्तीवाला म्हणतो, चाप जिच्यात अडकतो ती घोड्याची खाच कानसून खोल करू. करू द्यावं का?

प्रतिसाद :
अजिबात नको. कानस एकदा फिरली की घोडाच बदलावा लागेल. शिवाय खाच झिजली असती तर नळी खाली केल्यावरही घोडा निसटलाच असता. तुमचा चाप स्वतःच्या वजनाने पुढे लोंबला की खाचेत बसतो. म्हणजे खाच ठीक आहे, चापाला ढकलणारं कुणी नाही.

चाप आणि बोल्ट या दोघांना मिळून एकच पट्टी स्प्रिंग असते, पुढे दोन पाय फुटलेली. बोल्टचा पाय शाबूत आहे, म्हणून सिलिंडर अडकतो. चापाचा मोडला असणार, नाहीतर स्प्रिंगचा स्क्रू सैल झाला असेल. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्यासमोरच्या फटीतून आत पडतो, तेही बघा. कोल्टच्या या घडणीचं ते जुनंच दुखणं आहे.

आधी नळी धरून ठेवणारी पाचर काढून नळी आणि सिलिंडर उतरवा. मग मागची पट्टी व मूठ, मग मुख्य स्प्रिंग, आणि शेवटी चापाची पितळी कडी. तिच्याखालीच हे सापडेल. स्क्रू मऊ असतात, खाचेत गच्च बसणारंच पेचकस वापरा.

धागाकर्ता :
उघडलं. चापाच्या बाजूचा पाय फाट्यापाशीच तुटलाय, तुटलेली कड करड्या रंगाची आणि खरखरीत आहे. बोल्टच्या बगलेत टोपीची तांब्याची कपचीही निघाली, नखाएवढीसुद्धा नाही. तारेची स्प्रिंग मिळते म्हणतात, ती चालेल का?

प्रतिसाद :
चालेल, आणि पट्टीपेक्षा जास्त टिकते. बसवल्यावर निपल न लावताच घोडा सावकाश मागे घ्या. पूर्ण खाचेत बसायच्या आधी बोल्ट सिलिंडरच्या खाचेत पडला पाहिजे. उशिरा पडत असेल तर स्क्रू आवळायच्या आधी स्प्रिंग सरळ बसली आहे का ते बघा.