मदत हवी आहे: ठाणे खाडीवरचे शोधनिबंध पेवॉलमागे, कॉलेजकडे वर्गणी नाही

खाडीकाठी (नेरुळ)

पीएचडीचा विषय: ठाणे खाडीच्या गाळातले जड धातू आणि तिथली मासेमारी. नोंदणी मुंबई विद्यापीठाची, संशोधन केंद्र मात्र नवी मुंबईतलं खाजगी विनाअनुदानित कॉलेज. संदर्भयादी ११२ नोंदींची, त्यातल्या ४१ उघडत नाहीत. एका लेखाला तीसेक डॉलर मागतात. कॉलेजात एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं-नियतकालिकांची योजना) आहे, पण त्यात ई-पुस्तकंच जास्त, मला हवी ती नियतकालिकं नाहीत.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारच्या सामायिक वर्गणी योजनेचा मला उपयोग होईल का? नसेल तर रीतसर मोफत प्रत कुठे कुठे शोधायची? आणि लेखकाने स्वतः वर ठेवलेली प्रत प्रबंधात संदर्भ म्हणून चालते का? चोरट्या साइट आणि टेलिग्रामवरचे गट कृपया सुचवू नका.

कपाटक्रमांक

आधी योजनेचं. मंजुरी २५ नोव्हेंबर २०२४ ची, प्रत्यक्ष सुरुवात १ जानेवारी २०२५ पासून. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. सगळा कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र) चालतो. मेख अशी की हक्क संस्थेला मिळतो, माणसाला नाही. संस्था केंद्र किंवा राज्य सरकारच्या अखत्यारीतली हवी. म्हणजे तुमचं कॉलेज बाहेर, विद्यापीठ आत.

तेव्हा कॉलेजच्या ग्रंथपालांकडे हेलपाटे घालू नका. नोंदणीचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन कलिनाला जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात जा. दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: बाहेरून वापरायचं लॉगिन पीएचडीच्या विद्यार्थ्यांना देतात का, आणि नसेल तर तिथल्या संगणकांवर बसून वाचता येईल का. विद्यापीठाच्या नेटवर्कवर लॉगिनचा प्रश्नच येत नाही, प्रकाशक नेटवर्कचा आयपी पत्ता बघून दार उघडतो. जाण्यापूर्वी ४१ लेखांचे डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) एका फाइलमध्ये तयार ठेवा, तिथे बसून शीर्षकं शोधण्यात दिवस जातो.

एक सावधगिरी. डाउनलोड मॅनेजर लावून पन्नास लेख एका दमात ओढू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते यंत्राने केलेलं डाउनलोड वाटतं आणि ती अख्ख्या संस्थेचा पत्ता बंद करते. मग सगळ्यांचंच वाचन थांबतं.

तिसरा_मजला

लॉगिन मिळालं तर त्यात एक हमखास घोळ होतो. इन्फेडच्या (इन्फ्लिबनेटची बाहेरून लॉगिन करायची सोय) लॉगिनचं पान लोक बुकमार्क करून ठेवतात, दुसऱ्या दिवशी तिथूनच शिरायला जातात आणि 'स्टेल रिक्वेस्ट' असा संदेश येतो. पासवर्ड बरोबरच असतो. ते पान प्रकाशकाच्या साइटने त्या वेळेपुरतं मागवलेलं असतं, जुनी मागणी पुन्हा चालत नाही. दरवेळी लेखाच्या पानावरून सुरुवात करा, 'अ‍ॅक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन' दाबा, संस्थेचं नाव शोधा, मग लॉगिन करा. नाव सापडलं नाही तर स्पेलिंग बदलून बघा, 'मुंबई' आणि 'युनिव्हर्सिटी' यांचा क्रम उलटा असू शकतो.

हिरवंकुलूप

लॉगिनची वाट बघत बसू नका, ४१ पैकी बरेच लेख आजच मिळतील. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे मोफत प्रत शोधणारं एक्स्टेन्शन टाका, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींवर चालतं. लेखाच्या पानावर उजव्या कडेला कुलूप दिसतं: हिरवं असेल तर मोफत प्रत आहे, करडं असेल तर त्याला सापडलेली नाही. 'सापडलेली नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे. करडं कुलूप दिसलं की गूगल स्कॉलरवर त्याच लेखाखालचं 'ऑल व्हर्जन्स' उघडा.

मोफत प्रतींतही प्रकार आहेत. नियतकालिकच खुलं असेल तर गोल्ड. लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने ऑनलाइन भांडारात ठेवलेली ती ग्रीन. प्रकाशकाने परवाना न देता नुसतीच उघडी ठेवलेली ती ब्राँझ. ही ब्राँझ दगा देते, आज उघडते आणि सहा महिन्यांनी बंद. दिसली की त्याच दिवशी उतरवून घ्या.

कपाटक्रमांक

तुमच्या विषयाला तर सरळ भांडारांतच शिरा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं डीआरएस नावाचं भांडार खुलं आहे. या किनाऱ्यावरचं त्यांचं काम जुनं आहे आणि लेखकांच्या प्रती तिथे ठेवलेल्या असतात. शोधताना पूर्ण शीर्षक टाकू नका. छापताना शीर्षक बदललं असेल तर काहीच येत नाही. 'ठाणे क्रीक' आणि एखाद्या धातूचं नाव, एवढं पुरे. 'ठाणे'चं जुनं इंग्रजी स्पेलिंग 'थाना' असंही टाकून बघा, जुन्या लेखांत तेच असतं.

इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेस (आता नावात 'जिओ' घुसलंय) नोपर या भांडारात मोफत आहे. जुन्या लेखांना डीओआय नसला तर अनपेवॉल हात टेकतं, तिथे हाताने शोधा.

खाडीच्या पश्चिम काठावर भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. त्यांच्या शास्त्रज्ञांनी खाडीच्या गाळावर बरंच काम केलंय. त्यांचे अहवाल आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या इनिस या संग्रहात बघा. मासेमारीसाठी कोचीच्या सीएमएफआरआयचं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) ई-प्रिंट्स भांडार. पक्ष्यांकडे वळलात तर बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) नियतकालिकाचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत स्कॅन करून ठेवलेत.

हिरवंकुलूप

एवढं करून जे उरतील त्यांच्या लेखकांना मेल करा. स्वतःच्या लेखाची प्रत खाजगीत द्यायला प्रकाशकांची सहसा हरकत नसते. चार ओळी पुरतात: तुम्ही कोण, लेखाचा डीओआय, कशासाठी हवा, धन्यवाद. 'तुमचे सगळे पेपर पाठवा' असं लिहिलेल्या मेलला कोणी उत्तर देत नाही. मेल परत आला तर त्याच लेखकाचा सर्वांत ताजा लेख उघडा, चालू पत्ता तिथे असतो.

लेख अगदी नवा असेल तर थांबावंही लागेल. स्वीकृत हस्तलिखित (परीक्षणानंतरची, छपाईआधीची प्रत) संस्थेच्या भांडारात खुलं करण्यावर बहुतेकदा १२ ते २४ महिन्यांची बंदी असते. कोणत्या नियतकालिकाची किती, ते ओपन पॉलिसी फाइंडरवर दिसतं. शेर्पा रोमिओ म्हणून लोक ओळखायचे तेच हे.

तिसरा_मजला

तिसऱ्या प्रश्नाचं राहिलंय. प्रत कोणती आहे ते आधी बघा. प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञ-परीक्षणाआधीचा मसुदा. स्वीकृत हस्तलिखित परीक्षणानंतरचं, फक्त प्रकाशकाची मांडणी व्हायची असते. स्वीकृत हस्तलिखित चालतं, आणि संदर्भ छापील लेखाचाच, त्याच्या डीओआयसह द्यायचा. पानांचे क्रमांक मात्र हस्तलिखितावरून घेऊ नका. आकडे घेताना तक्ते छापील प्रतीशी एकदा ताडून बघा. तुमच्या विषयात मिलिग्रॅम प्रति किलो हे कोरड्या वजनावर की ओल्या, एवढी एक टीप प्रुफात दुरुस्त झालेली असेल तर तुमचा तुलनेचा अख्खा तक्ता चुकतो.

खाडीकाठी (नेरुळ)

सर्वांचे आभार. ४१ पैकी २६ मिळाले. १७ अनपेवॉलने, ९ डीआरएस आणि नोपरवरून. कलिनाला सोमवारी जाते.

नवी अडचण: कोळी समाजावरचा एक मराठी प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) मिळाला. त्यातला मजकूर कॉपी केला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. शोधताही येत नाही.

टंकमित्र

युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीचं प्रमाणित संगणक-संकेतन) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असणार, श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेख. पीडीएफला ती इंग्रजी अक्षरंच वाटतात, मराठी रूप फक्त फाँटमुळे दिसतं. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फाँट्स' बघा. नाव ओळखीचं असेल तर त्याच फाँटचा कन्व्हर्टर वापरा, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासा.

कन्व्हर्टर जमला नाही तर ओसीआर, म्हणजे पानाचं चित्र वाचून त्याचा मजकूर करणं. 'ओसीआर-माय-पीडीएफ' मोफत आहे, आतून टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरतं. टेसरॅक्टचा मराठी पॅक वेगळा बसवावा लागतो. भाषा मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या, नाहीतर तक्त्यांतले इंग्रजी शब्द बिघडतात. नुसतं चालवलंत तर 'पानावर आधीच मजकूर आहे' म्हणून ते थांबेल. त्याला ती खिचडीच मजकूर वाटते. 'फोर्स ओसीआर' हा पर्याय द्या, मग ते पानाचं चित्र करून नव्याने वाचतं. मूळ फाइल बाजूला ठेवून हे करा.

शोधगंगेवर मराठी प्रबंध शोधताना शीर्षक रोमन लिपीतही टाकून बघा. कित्येकांची नोंद तशीच झालेली आहे. प्रबंध प्रकरणवार तुटलेला असतो. संदर्भसूची शेवटच्या फायलींत सापडते, ती आधी उतरवा. 

खाडीकाठी (नेरुळ)

फाँट सुरेख निघाला. फोर्स ओसीआर लावलाय, २८० पानं आहेत, लॅपटॉप तापलाय.

टंकमित्र

आधी दहा पानांवर चालवून बघा. 'कोळी'तला 'ळ' नीट येतोय ना, तेवढं तपासा आणि मग बाकीची लावा.