को-वर्किंगमध्ये जागा घेतल्याने खरोखरच ओळखी वाढतात का?

कोथरूडचा अनुवादक

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद करतो. गेली सहा वर्षे काम घरूनच चालते. कामे मिळतात, पण ती त्याच तीन-चार जुन्या ग्राहकांकडून, आणि त्यांपैकी एकाने हात आखडता घेतला की महिना कोरडा जातो. म्हणून बाणेरच्या एका को-वर्किंग केंद्रात, म्हणजे वेगवेगळ्या लोकांना भाड्याने खुर्ची-टेबल देणाऱ्या सामाईक कार्यालयात, एका दिवसाचा पास काढून बसून पाहिले. खुर्ची उत्तम, इंटरनेट उत्तम, कॉफीही बरी. मात्र माझ्या रांगेतील जवळजवळ सर्वांच्या गळ्यात एकाच कंपनीचे ओळखपत्र होते आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलले असेल तर ते "हा प्लग चालू आहे का?" एवढेच. मला सदस्यत्व हवे आहे ते खुर्चीसाठी नव्हे, ओळखींसाठी. ज्यांनी अशा ठिकाणी वर्ष-दोन वर्षे काढली आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

खराडीचा प्रोग्रामर

मी अडीच वर्षे काढली. पहिले सात-आठ महिने आपल्या त्या एका दिवसासारखेच गेले, कारण हेडफोन लावून बसलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही आणि मी दिवसभर हेडफोन लावूनच बसत असे. पुढे घरून डबा आणू लागलो. मायक्रोवेव्ह एकच असल्यामुळे दुपारी दीडच्या सुमारास तिथे पाच-सहा जणांची रांग लागे आणि त्या रांगेत दंतवैद्यकीय साहित्याची आयात करणारे एक गृहस्थ बहुधा माझ्या पुढे असत. मालाचा साठा आणि बिले यांचा मेळ बसत नाही, ही त्यांची रोजची तक्रार. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना लॅपटॉपवर एक कच्ची मांडणी करून दाखवली. आज माझे निम्मे उत्पन्न त्यांच्याकडून आणि त्यांनी पाठवलेल्या दोन व्यावसायिकांकडून येते. व्हिजिटिंग कार्डे वाटायला लावणारे संध्याकाळचे 'नेटवर्किंग' कार्यक्रमही मी पाच-सहा केले. त्यांतून विमा एजंटांचे फोन तेवढे आले.

पुढचे सांगणे मात्र फारसे सुखाचे नाही. गेल्या वर्षी केंद्राने आमचा मजला सबंध एका कंपनीला दिला आणि आम्हा सुट्या लोकांना पँट्रीशेजारच्या लांब टेबलावर हलवले. आधी ते आयातवाले गृहस्थ सोडून गेले, नंतर मी.

जुना सभासद

खराडीच्या प्रकरणात केंद्रचालकाचा दोष आहेच, पण त्यामागचे गणितही पाहावे. ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत अशी पहिली जागा उघडली, ती एकट्याने काम करणाऱ्यांना स्वातंत्र्य राखून सोबत मिळावी यासाठी. पुढे तिचा धंदा झाला. सबंध इमारत अनेक वर्षांच्या कराराने घ्यायची आणि खुर्च्या महिन्याच्या बोलीवर द्यायच्या, म्हणजे स्वतःचे भाडे बांधलेले आणि गिऱ्हाईक मात्र केव्हाही उठून जाऊ शकणारे. वीवर्क या बड्या को-वर्किंग कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हीच विसंगती होती. साहजिकच, शंभर खुर्च्या दोन-तीन वर्षांसाठी उचलणारी कंपनी चालकाला आपल्या एका खुर्चीपेक्षा अधिक प्रिय असते.

ओळखींविषयी म्हणाल, तर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच असे मांडले होते की, नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतेच. को-वर्किंगचा खरा माल ही तोंडओळखच आहे. ती निव्वळ भिंती पाडून मात्र होत नाही. एथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोकळ्या रचनेच्या कार्यालयात गेल्यावर कर्मचाऱ्यांचे समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले, असे आढळले. त्यामुळे खराडीकरांच्या मायक्रोवेव्हचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

हिशेबनीस

दरपत्रकातील आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, हे आधी विचारून घ्यावे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने आपण नोंदणी केली नसेल, तर त्या कराचे क्रेडिट (वजावट) मिळणार नाही आणि तो सरळ खर्चात धरावा लागेल.

सदाशिव पेठ

आमच्या पेठेत स्पर्धा परीक्षांची मुले महिन्याच्या बोलीवर खुर्ची, दिवा, प्लग आणि लॉकर कधीपासून घेत आहेत. त्याला आम्ही अभ्यासिका म्हणतो. आत टाचणी पडली तरी ऐकू येते. जाहिरात कधी निघणार, कोणाची टिपणे चांगली, कोणती खोली रिकामी झाली, हे सारे खाली चहाच्या टपरीवर कळते. मी स्वतः तिथे चार वर्षे होतो आणि आजही ज्यांना फोन करतो ते सर्व त्या टपरीवरचे आहेत. बाणेरच्या इमारतीखाली काय आहे, तेवढे पाहून यावे.

कोथरूडचा अनुवादक

सर्वांचे आभार. काल मुद्दाम दुपारी दीड वाजता जाऊन आलो. तिथे चार मायक्रोवेव्ह आहेत आणि रांग मुळीच लागत नाही. गेटाबाहेरच्या टपरीवर मात्र ओळखपत्र नसलेले बरेच जण उभे होते. तूर्त महिन्याला दहा दिवसांचा पास घेत आहे.