झोप आधी बिघडली, आजार नंतर कळला: तुमचे अनुभव लिहा

मागच्या वर्षी मला नैराश्याचं निदान झालं. त्याआधी तीन महिने रोज पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची. दादरला रुळांजवळ राहतो आम्ही. पहिली लोकल गेल्याचा आवाज येईपर्यंत मी पंख्याकडे बघत पडलेली असायचे. रात्री झोप पटकन लागत होती, म्हणून हा निद्रानाश आहे असं मला वाटलंच नाही. डॉक्टरांनी मात्र सुरुवातीलाच विचारलं, "जाग किती वाजता येते?" नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येणं आणि सकाळीच मन सगळ्यात जड असणं, हे खोल नैराश्याचं ओळखीचं लक्षण आहे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! म्हणून विचारते, तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या आजारात झोपेचं काय झालं? डॉक्टरांची नावं आणि गोळ्यांचे डोस मात्र लिहू नका.

घाटकोपर, भावाविषयी

दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात उसळतं, कधी नैराश्यात बुडतं. पहिल्या वेळी तो तीन-तीन तास झोपून ताजातवाना उठायचा. रात्री दोनला पंख्याची पाती पुसायचा, माळा आवरायचा. आई खूश, पोरगं एकदाचं मार्गी लागलं! झोप न आलेला माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो. दादाला झोपेची गरजच वाटत नव्हती, आणि तो फरक आमच्या लक्षात आला नाही. पाचव्या दिवशी त्याने कर्ज काढून तीन फ्रीज मागवले, तेव्हा आम्ही धावलो.

झोप बुडाली की आजार उसळू शकतो, हे पुढे गणपतीत कळलं. दोन रात्री मंडपात जागरण झालं आणि तिसऱ्या दिवशी तो कुणाचं ऐकेना. आता लिथियम, म्हणजे मन स्थिर ठेवणारं औषध, चालू आहे, रक्ततपासणी ठरल्या वेळी होते. वहिनी कॅलेंडरवर रोज झोपेचे तास लिहिते. सलग दोन रात्री आकडा चारच्या खाली गेला की ती दादाला न विचारता डॉक्टरांना फोन करते. तो बरा असताना त्यानेच तिला तशी परवानगी देऊन ठेवली आहे. विसर्जनाच्या दिवशी दहाला घरी येतो. मंडळातल्या पोरांना कारण माहीत आहे, तीच त्याला रिक्षात बसवून देतात.

कल्याण, नवऱ्याविषयी

हे मोटरमन आहेत. चार वर्षांपूर्वी गाडीसमोर एक माणूस आला. ब्रेक दाबला तरी लोकल जागच्या जागी थांबत नाही. त्यानंतर ह्यांना झोपेचीच भीती बसली. डोळा लागला की तोच चेहरा दिसायचा, ओरडत उठायचे, घामाने बनियन ओलं. मग टीव्ही लावून बसून राहायचे. थोडी घेतली की झोप लागते म्हणून घ्यायला लागले, तर मध्यरात्रीनंतर जाग आणखी वाढली.

समुपदेशक बाईंनी एक वेगळंच काम दिलं. ते स्वप्न दिवसा कागदावर उतरवायचं, त्याचा शेवट बदलायचा आणि तो नवा शेवट रोज मनात घोळवायचा. ह्यांच्या कागदावर तो माणूस मागे सरकून प्लॅटफॉर्मवर चढतो. स्वप्न पूर्ण गेलेलं नाही, पण आता महिन्यातून एखाद्या वेळी येतं.

लालबाग, मुलाविषयी

स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार. दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस झाला होता. चाळीतली एक खोली, तो रात्रभर येरझारा घालणार, आम्ही सगळे जागे. शेजारी म्हणायचे, दुपारी बारापर्यंत लोळतो, आळशी आहे. आळस नव्हता हो तो. आता गोळ्यांची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली आहे, आणि सकाळी सातला दूध आणायचं काम त्याचं. अंगावर ऊन पडतं, त्याने झोपेचं घड्याळ जागेवर यायला मदत होते.

पुन्हा मी, दादरहून

वाचताना दोनदा थांबले. झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारणाऱ्यांना सांगते, मेडिकलमधून परस्पर आणू नका; काहींची सवय लागते, आणि एकदम बंद केल्या तर त्रास होतो. मला गोळ्यांसोबत झोपेची वर्तन-उपचार पद्धतीही शिकवली. उठायची वेळ रविवारीसुद्धा एकच, आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडायचं. पण वन रूम किचनमध्ये सोडून जायचं कुठे? मी ओट्याजवळ प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. मंद दिवा लावून तिथे लसूण सोलते. पेंग आली की परत येते.

रात्री फारच असह्य झालं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मी पहाटे चारला लावला होता.