'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड थेरपी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
मानसोपचारविषयक एका पुस्तिकेचे मराठीकरण करताना 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड थेरपी' ही संज्ञा वारंवार येते. तिच्यासाठी 'आघात-माहितीपूर्ण उपचार' असा पर्याय वाचनात आला, पण त्यातून कोणताही अर्थबोध होत नाही. लहानपणी किंवा तरुणपणी सोसलेल्या गोष्टींचे परिणाम आजही भोगणाऱ्या प्रौढ वाचकांसाठी ही पुस्तिका आहे. त्यांना समजेल आणि बोचणार नाही, असा शब्द हवा आहे.

पहिले उत्तर :
'माहितीपूर्ण' हा शब्द येथे सर्वस्वी अयोग्य आहे. माहिती लेखात किंवा व्याख्यानात असते. या उपचारात ती उपचार करणाऱ्याच्या वागण्यात उतरलेली असावी लागते. समोरच्या व्यक्तीने पूर्वी काही भयंकर सोसलेले असू शकते, हे गृहीत धरूनच बोलणे, विचारणे आणि थांबणे असा त्याचा आशय आहे. म्हणून 'आघाताचे भान राखणारा उपचार' हा शब्दप्रयोग मला सर्वांत नेमका वाटतो. आटोपशीर संज्ञा हवी असेल तर 'आघातसजग उपचार' म्हणता येईल.

हे भान प्रत्यक्षात कसे दिसते, हे सांगितल्याशिवाय संज्ञेचा अर्थ स्पष्ट होणार नाही. दार लावून घ्यायचे की उघडे ठेवायचे, हे समुपदेशक आधी विचारतो. पुढचा प्रश्न कशासाठी विचारत आहे ते सांगतो आणि 'उत्तर द्यायचे नसेल तर तसे सांगा, आपण पुढे जाऊ' असे म्हणून खरोखरच पुढे जातो. ज्या माणसाच्या आयुष्यात एके काळी त्याच्या नकाराला काहीही किंमत नव्हती, त्याला आपला नकार येथे मानला जातो हा अनुभव मिळणे, हाच उपचाराचा आरंभ असतो. अमेरिकेत मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलॉट या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली, तीसुद्धा संपूर्ण सेवाव्यवस्थेच्या रचनेसाठी. त्यामुळे स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याचे वागणेही तिच्या कक्षेत येते.

येथे एक भेद पुस्तिकेत अवश्य राखावा. आघाताच्या आठवणींवर थेट काम करणाऱ्या पद्धतींना 'आघातकेंद्री उपचार' म्हणावे. विचार आणि वागणूक यांच्यातील बदलावर भर देणारा आघातकेंद्री बोधात्मक-वर्तन उपचार (सीबीटी) आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर ही त्याची उदाहरणे होत. आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) असलेल्या प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोहोंची शिफारस केली आहे. सजगता ही वागण्याची रीत आहे, तर आघातकेंद्री उपचार ही विशिष्ट प्रक्रिया आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर पहिल्याच भेटीत सगळे सांगावे लागेल अशी धास्ती वाचकाला वाटेल, आणि ती अनाठायी असेल.

दुसरे उत्तर :
'आघातसजग' मान्य आहे, परंतु 'आघात' हा शब्द घटनेकडे बोट दाखवतो आणि नंतर मागे राहिलेल्या परिणामाविषयी मौन बाळगतो. त्या परिणामासाठी आपल्याकडे 'धसका' हा अस्सल शब्द आहे. वर्षांनुवर्षांनंतरही दार जोरात आपटले की छातीत धडधडू लागते, हातपाय गार पडतात, आपण सुरक्षित आहोत हे कळत असूनही शरीराला ते पटत नाही, तो धसकाच. मात्र 'धसका घेतला' असे न लिहिता 'धसका बसला' असे लिहावे. 'घेतला' म्हटले की तो जणू त्या व्यक्तीच्या भित्रेपणाचा दोष ठरतो, आणि अशा माणसांनी तो ठपका आधीच पुष्कळ सोसलेला असतो.

तिसरे उत्तर :
'हीलिंग'साठी 'विसरणे' किंवा 'मागे टाकणे' हे शब्द कृपया वापरू नयेत. जे विसरता येत नाही म्हणूनच माणूस मदत मागायला येतो, त्याला 'विसरा' असे सांगणे निर्दय आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेले तीन टप्पे येथे उपयोगी पडतील : प्रथम सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि शेवटी माणसांशी व रोजच्या जगण्याशी पुन्हा जोडले जाणे. पहिला टप्पा पक्का होण्याआधी दुसऱ्याला हात घालणे म्हणजे खपली काढणे होय. दुसऱ्या टप्प्यावर आठवण पुसली जात नाही. ती आत्ता घडत असल्यासारखी अंगावर येत होती, ती हळूहळू 'तेव्हा घडले होते' अशी सांगता येऊ लागते. या सगळ्या वाटचालीला 'सावरणे' हे क्रियापद मला योग्य वाटते, कारण त्यात सावरणारा माणूस स्वतः कर्ता असतो. 'बरे होणे'सुद्धा चालेल, पण त्यातून एखाद्या दिवशी सगळे संपेल अशी अपेक्षा निर्माण होते, आणि वास्तवात चांगल्या महिन्यांनंतर एखादा वाईट आठवडा येतोच.

प्रश्नकर्ता :
तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. शीर्षकात 'आघातसजग उपचार' ठेवतो आणि पहिल्याच परिच्छेदात 'तुमच्यावर गुदरलेल्या प्रसंगाचे भान राखून, तुमच्या गतीने केलेला उपचार' असा खुलासा देतो. मूळ मजकुरातील 'व्हिक्टिम'साठी लिहिलेले 'पीडित' काढून सर्वत्र 'आघात सोसलेली व्यक्ती' असे करतो. वाक्ये थोडी लांबतील, पण ती लांबू द्यावीत असे वाटते.